कौतिक, तुझ्या शेळ्या अन् रेणूचे देवमासे

कौतिक,

रस्ता धुतला त्यांनी. टँकर आणला, पाइप सोडला, वरून माती टाकली अन् गाड्या सोडून दिल्या. पारोळ्याबाहेर कपाशीचं शेत हायवेला टेकतं ना, तिथे डांबराच्या भेगांत तांबडं राहिलं होतं. मी बसून नखाने खरवडलं. जन्मभर दुकानाची फरशी धुतलेला खाटीक मी, नुसत्या पाण्याने रक्त जात नाही हे त्या टँकरवाल्याला कोण सांगणार? त्यात तुझं कोणतं अन् शेळ्यांचं कोणतं, हे मात्र मलाही ओळखता आलं नाही.

समाजाच्या अंकात तुझ्या फोटोखाली टाकायला भाचा चार ओळी लिहूनच घेऊन आला. "प्रेमळ, मनमिळाऊ, शांत स्वभावाच्या." मी विचारलं, ही कोण बाई? तो म्हणाला, "मामा, असंच लिहितात." कागद त्याच्या तोंडासमोर फाडला. मनमिळाऊ? गल्लीत तुझं कोणाशी पटलं? शांत? तू दारात उभी राहून ओरडलीस की समोरचा गिरणीवाला पट्टा थांबवून बघायचा कोणाचा खून झाला. मी चौथी शिकलेला माणूस, जोडाक्षरं चुकतात. रेणू म्हणाली, "आबा, तुम्ही सांगा, मी लिहिते." नको म्हटलं. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे अन् तीच त्याच्या मधोमध उभी आहे. तिच्या हाताने कसं लिहू?

वाचणाऱ्याला कळावं म्हणून एवढं सांगतो. रेणू म्हणजे आमची नात, थोरल्याची पोरगी. थोरला सुरतला कापडाच्या कारखान्यात, म्हणून ती शाळेपासून आमच्याकडे. धुळ्याला कॉलेज केलं, मग समुद्राकाठच्या कुठल्या मोठ्या संस्थेत शिकली, अन् गेल्या हिवाळ्यात पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला बर्फाच्या समुद्रात जहाजावर गेली. देवमाशांच्या कामाला. काम नेमकं काय, हे ना तू विचारलंस ना मी. तुला वाटायचं ती माशांची डॉक्टर आहे. गल्लीत तसंच सांगत फिरलीस.

तिकडून फोन लागायचा तेव्हा तू मोबाइल माझ्या हातातून ओढायचीस. आठवतं का, तिने देवमाशाचा व्हिडिओ पाठवला, पाठ पाण्याबाहेर येते, फवारा उडतो, शेजारी पिल्लू.

"मासाले पिल्लू?" तू म्हणालीस.

"मासा नाही अक्का तो. दूध पाजतो."

"दूध! सड कोठे शेतस त्याले?"

"पोटाखाली आत असतात. पिल्लाने ढुशी दिली की बाहेर येतात."

"गाभन कितला दिन ऱ्हास?"

"वर्षभर म्हण जवळजवळ. अन् पिल्लू एकच. मग पुढचं दोन-तीन वर्षांनी."

तू माझ्याकडे वळलीस. जसं काही मीच ते ठरवलं. "ऐकं का? वरीसभर पोटमा, अन् एकच!" पाच महिन्यांत जुळी देणाऱ्या शेळ्यांची मालकीण तू. तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या त्या उतरल्याच नाहीत.

मी विचारलं, एवढं धूड खातं काय? रेणू म्हणाली, जवळा. बाजारात वाळलेला मिळतो तसला बारीक जीव, लाल, थव्याने राहणारा. यांना दात नसतात. टाळ्याला गोणपाटाच्या दशांसारखी झालर असते. तोंड भरून पाणी घ्यायचं, झालरीतून बाहेर सोडायचं, जवळा आत राहतो. आपल्याकडे थंडी तेव्हा तिकडे उन्हाळा, बर्फ हटतो, जवळा वर येतो, अन् जगभरचे देवमासे तिथे चरायला जातात.

"म्हनजे गायरान," तू म्हणालीस. रेणू हसली. पण बरोबर बोललीस तू. ते समुद्राचं गायरानच.

त्या गायरानात काय झालं, ते तिने दिवाळीला घरी आल्यावर सांगितलं. आपण तिघं अंगणात. मी म्हातारा खाटीक, हात थरथरायला लागले म्हणून दुकान बंद केलेला, पण कान शाबूत. तरी ते ऐकवेना. पूर्वी देवमासे मारायला जहाजं जायची, त्यांच्या नाकावर तोफ. तोफेत भाला, भाल्याच्या टोकाला बाँब. भाला अंगात घुसायचा अन् मग आत फुटायचा. एका भाल्यात मरायचा नाही, जहाजाला ओढत न्यायचा, फवाऱ्यातून रक्त उडवत. मग दुसरा. मेल्यावर बुडू नये म्हणून नळी खुपसून पोटात हवा भरायची, पाठीत झेंडा रोवायचा, सोडून द्यायचा, अन् पुढच्यामागे लागायचं. संध्याकाळी सगळे गोळा करून मोठ्या जहाजाच्या ढुंगणाला उतार असतो, त्यावरून वर ओढायचे. वर सुरे घेतलेली माणसं, पायाला खिळ्यांचे बूट, चरबीत घसरू नये म्हणून. खाली कढया. चरबी उकळून तेल. त्याचा साबण, ब्रेडला लावायचं लोणी, अन् लढाईच्या काळात दारूगोळा.

"मांस?" मी विचारलं.

"पुष्कळदा समुद्रातच टाकून द्यायचे, आबा. सुरुवातीला तर फक्त चरबी काढायचे."

माझ्या तोंडून शिवी गेली. तू मात्र वेगळंच विचारलंस, आवाज एकदम खाली.

"गाभन्या बी?"

रेणूने माझ्याकडे पाहिलं.

"सांग ना व! गाभन्या बी काप्यात का?"

"बरोबर पिल्लू असलेली मारू नये असा नियम पुढे झाला, अक्का. पण पोटातलं वरून कोणाला दिसतं? चिरल्यावर सापडायचं. सापडलेल्या पिल्लांची मापंसुद्धा लिहिलेली आहेत."

तू उठलीस, अंगणाच्या कडेला गेलीस अन् थुंकलीस. "हाई खाटीकनं काम नही शे," म्हणालीस. "खाटीक असं करस नही."

मला तेव्हा तुझा तळहात आठवला. लग्नानंतर पहिल्यांदा तुला बाजारात नेलं, बाई माणूस कशाला म्हणून बाकीचे हसले. तू शेळीच्या मागे बसलीस, पोटाखालून हात घातलास, डोळे मिटलेस अन् दलालाला म्हणालीस, ही परत घे. तो म्हणाला भाकड आहे, शपथ. तू चप्पल काढलीस. अख्ख्या बाजारासमोर. त्याने शेळी परत घेतली, अन् पुढे ती व्याली हे त्यानेच येऊन कबूल केलं. माझ्या ठोकळ्यावर कधी गाभण आली नाही ती त्या हातामुळे. हे मी तुला तोंडावर कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू डोक्यावर बसली असतीस.

अन् ज्या परत केल्या त्यातल्या कितीतरी तूच विकत घेतल्यास, गोठ्यात बांधल्यास. माझं दुकान कापायचं, तुझा गोठा वाढवायचा. एका घरात दोन धंदे, रोज एक भांडण.

त्या संध्याकाळीही झालंच. मी म्हटलं, संपले ते आता. एवढ्या कापल्यावर अन् दोन-तीन वर्षांनी एकच पिल्लू, भरून येत नसतं. तू म्हणालीस, येतीन. मी म्हटलं, नाही येणार. तू म्हणालीस, कोणी कापनारच नही तं काबर नही येतीन? आपण दोघं रेणूकडे पाहायला लागलो, कोर्टात पाहतात तसं.

ती म्हणाली, "दोघंही थोडे थोडे बरोबर." सगळ्यात मोठा निळा देवमासा, त्यालाच आधी धरलं. तो कमी झाला तसा त्याहून लहान, मग त्याहून लहान, असं करत पार खालच्या जातीपर्यंत आले. नंतर बंदी आली. आता कुबडवाली जात, लांब हातांची, गाणं म्हणते ती, पुष्कळ ठिकाणी चांगली भरून आली आहे. निळ्याच्या खालोखालची जातही पुन्हा कळपाने चरताना दिसते. निळा मात्र अजून फारच थोडा. कधी अख्खी फेरी जाते अन् एक दिसत नाही. त्यात आता बर्फ कमी पडतोय, अन् जवळ्यावरही मोठी जाळी लागली आहेत. "बर्फ कमी असलेल्या साली गाभण कमी राहतात, असंही दिसायला लागलंय," ती म्हणाली.

"गाभन कशी वयखस तू?" तू विचारलंस. कशी ओळखतेस.

"दुरून बाण मारतात, त्याच्या टोकाला चरबीचा कण येतो. तो तपासायचा."

"पोटले हात लावाना सोडीसन बान मारतस! येड्या." तू हसलीस. कुबडवाल्या परत आल्या म्हणून मला अंगठा दाखवलास, आत जाऊन गुळाचा खडा आणलास, रेणूच्या तोंडात घातलास. मला दिला नाहीस. हरलेल्याला गूळ नसतो म्हणालीस.

मग मी तोंड उघडलं. हरलो होतो, झोंबलं होतं. "परत आल्या, परत आल्या. कशावरून म्हणतेस परत आल्या?"

"मोजून, आबा," रेणू म्हणाली. "तेच तर माझं काम. जहाजावर उंच उभं राहायचं, सरळ रेषेत जायचं अन् दिसेल तो देवमासा मोजायचा."

तुझा चेहरा तेव्हा कसा झाला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आपल्या गोठ्यात जनावर मोजायचं नाही. तुझ्या आईने सांगितलं, तिच्या आईने तिला. जिवंत जनावरावर आकडा ठेवला की दृष्ट लागते. संध्याकाळी फाटकात उभी राहून तू नुसती नजर फिरवायचीस, बांडी, चांदी, झिपरी, कानतुटी, तांबडी, अन् म्हणायचीस, "बठ्ठ्या उन्यात." सगळ्या आल्या. किती ते कधी नाही. जनावरं मोजायला सरकारी माणूस आला तेव्हा तू पाण्याची बादली त्याच्या अंगावर रिकामी केलीस. पण त्याने कुंपणावरून मोजल्याच, अन् त्या पावसाळ्यात रोग आला. नाकातोंडातून घाण गळत एकेक आडवी झाली. डॉक्टर म्हणाला लस राहिली. तू म्हणालीस त्याने मोजल्या.

"तू मोजस?" तू रेणूला विचारलंस. "जित्या जनावरले?"

"हो अक्का. नाही मोजलं तर..."

"कापनाराबी मोजेत!" तू ओरडलीस. "तूच सांगं ना आते!"

ते खरं होतं. तासाभरापूर्वी तिनेच सांगितलं होतं. दर साली देशांची माणसं बसायची अन् यंदा किती कापायचे तो आकडा ठरवायची. निळा हे माप. एका निळ्याच्या बदल्यात लहान जातीचे अमुक इतके. मग जहाजांची शर्यत, आकडा भरेपर्यंत. काहींनी कापले जास्त अन् लिहिले कमी.

"आकडा आधी उना, मंग भाला उना," तू म्हणालीस. "आते तू आकडा देशी. उद्या कोनी म्हनी, बठ्ठ्या भरी गयात, चला कापू. तुना हातनं मरतीन त्या, रेणू. तुना तोंडनं मरतीन."

पोरगी कोणाची? तुझ्या हाताखाली वाढलेली. ती उसळली. "अन् तुझ्या? तू न मोजता वाचल्या का त्या पावसाळ्यात? किती होत्या, किती मेल्या, तुला आजही सांगता येतं का?"

तू पितळी फेकलीस. भिंतीला लागून ती अंगणात गरगरत राहिली. मी दोघींना गप्प करायला गेलो तर दोघी माझ्यावर आल्या. तुमच्या दोघींची ती खोडच.

सकाळी तू शेळ्या सोडायला फाटक उघडलंस अन् रेणू समोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं माफी मागते. तिने बोट पुढे केलं अन् मोठ्याने सुरू केलं, "एक. दोन. तीन." शेळ्या फाटकातून निघतायत, तिचं चालू. तू काठी उचललीस. मी "कौतिक!" म्हणेपर्यंत काठी तिच्या तोंडावर बसली होती. ओठ फुटला, हनुवटीवरून रक्त. मोजणी तिथेच तुटली. तू तिच्याकडे पाहिलंसही नाहीस. शेळ्या हाकत निघून गेलीस, हायवेच्या कडेच्या गवताकडे.

तुझ्या माझ्यात शेवटचा शब्द म्हणजे मी ओरडलेलं तुझं नाव. चिडून ओरडलेलं. ते सलतं.

बाकीचं तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. कंटेनर होता. ड्रायव्हरला भर दिवसा डुलकी लागली. लोक म्हणाले, तू रस्त्याच्या कडेला पोचली होतीस, मागे राहिलेल्या करडांसाठी परत आत आलीस. मी पोचलो तेव्हा तुझ्यावर कोणाचीतरी चादर होती, केळीच्या गाडीवरच्या मजुराची. तुझी काठी चादरीबाहेर. अन् रस्ताभर शेळ्या. मी मांस पाहिलेला माणूस, कौतिक. साफ काप, लटकवलेलं, धुतलेलं. हे तसलं नव्हतं. चाकांना गुंडाळलेलं होतं. अन् त्यात जिवंत. कंबर तुटलेली, पुढच्या दोन पायांवर फरपटत, आतडी मागे ओढत, मला ओळखून माझ्याकडे यायला लागलेली. तांबडी होती ती.

त्या मजुराने केळीचे घड कापायचा कोयता दिला. माझे हात थरथरतात म्हणून मी दुकान बंद केलं होतं. त्या दिवशी थरथरले नाहीत. तू चादरीखाली, अन् मी तुझ्या शेळ्यांच्या माना धरून एकेकीला सोडवत होतो. रेणू तोंडं धरत होती, फुटक्या ओठाने. ती रडत नव्हती. कण्हत होती, त्यांच्यासारखीच.

तेवढ्यात माणसं पिशव्या घेऊन आली. पांढऱ्या कपड्यातला एक जण मला म्हणाला, "आबा, वाया कशाला घालवायचं, दोन आम्हाला द्या." मी कोयता घेऊन त्याच्या अंगावर गेलो. कापलाच असता. खोटं लिहीत नाही. दोघांनी मला मागून मिठी मारली, म्हणून तो आज घरी जेवतोय.

मग पंचनाम्याला पोलीस आला. बरा माणूस होता, सावकाश विचारत होता.

"मेलेल्या मोजल्या आम्ही," तो म्हणाला. "एकूण किती होत्या, आबा?"

मी कपाशीकडे पाहिलं.

"कळपात किती होत्या? बाकीच्या कपाशीत पळाल्यात म्हणतात. किती शोधायच्या?"

मला सांगता आलं नाही, कौतिक. तुझ्याबरोबर जन्म काढला, तुझ्या गोठ्यात किती जनावरं हे मला माहीत नव्हतं. मी रेणूकडे पाहिलं. तिने अर्ध्यात तुटलेला आकडा मनात धरला असेल नसेल, पण ती मान हलवत मागे सरकत गेली अन् रस्त्याच्या कडेला बसली. "मी मोजलं आबा," म्हणाली. "मी मोजलं म्हणून."

शेळ्या गोळा करायला अख्खी आळी गेली. ज्यांच्याशी तू जन्मभर भांडलीस तेच. ती समोरची गिरणीवाली, जिला तू चेटकीण म्हणायचीस, ती काट्यातून दोन करडं खांद्यावर घेऊन आली. तुझ्या शिव्या ऐकलेल्या बायांनी तुझी जनावरं घरी आणली. हे तुला सांगायचं राहून जाऊ नये. संध्याकाळी सगळे मला विचारायला लागले, "आबा, झाल्या का सगळ्या?" मी फाटकात उभा राहिलो. तुझ्यासारखी नजर फिरवली. तोंडं दिसली, नावं लागेनात. बांडी ओळखली, चांदी ओळखली. बाकी सगळ्या शेळ्या. मी म्हटलं, झाल्या असतील.

असतील.

तुझं सुतक फिटायचं होतं, गंधमुक्तीच्या आधी कापूस वेचायला बाया गेल्या अन् एकीने येऊन सांगितलं. मी गेलो. शेताच्या पार मधे झिपरी पडलेली. मागचे दोन्ही पाय मोडलेले. अन् कौतिक, तिच्याभोवती, तिची मान पोचेल तेवढ्या गोलात, कपाशीचं एक पान शिल्लक नव्हतं. खाल्लं होतं तिने सगळं. म्हणजे ती पडल्या पडल्या मेली नाही. आम्ही घरी बसून आल्या-गेल्यांना चहा देत होतो अन् ती तिथे वाट बघत होती. ओरडलीही असेल. पोट मोठं होतं. तळहात लावायची गरज नव्हती, एवढं मोठं.

मी शेतात बसलो अन् तुला शिव्या दिल्या. मोठ्याने. वेचणाऱ्या बाया लांब गेल्या. तुझी मोजणी तुझ्या डोळ्यात होती. कोणती कोणाची पोर, कोणती कधी व्याली, सगळं. माझ्या, रेणूच्या, कोणाच्याही आकड्यापेक्षा पक्की. पण ती तू कोणाला दिली नाहीस. तुझ्याबरोबर चादरीखाली गेली. अन् मागे झिपरी राहिली, कारण एक कमी आहे हे कळणारं माणूस या जगात उरलं नव्हतं.

रेणूला नेऊन दाखवलं. सोयरे म्हणाले, पोरीला कशाला तसलं दाखवता? ती आधीच जेवत नव्हती. जहाजवाल्यांचे फोन उचलत नव्हती. सामान सोडून ठेवलं होतं. "मी नाही जाणार आबा. अक्का बोलली ते खरं झालं. इथे मोजलं तर असं झालं." शिकलेली पोरगी, अन् तुझं बोलणं तिच्या हाडात जाऊन बसलेलं. ती जाणार नव्हती, कौतिक. इथे तुझ्या गोठ्यात शेण काढत जन्म घालवणार होती, शिक्षा म्हणून. हे तुला चाललं असतं? मला नाही.

झिपरीजवळ ती खाली बसली. त्या गोलावरून हात फिरवला. मग म्हणाली, "आबा, तिकडेही असंच आहे."

"कसं?"

"मेलेल्यांचे आकडे आहेत. जहाजावर ओढला की लिहायचे. लांबी, नर का मादी, पोटात काय. पण कापायला सुरुवात केली त्याच्या आधी समुद्रात किती होते, ते कोणालाच माहीत नाही. कोणी मोजलेच नव्हते. आम्ही मेलेल्यांवरून मागे मागे जाऊन अंदाज करतो."

"म्हणजे सगळ्या आल्या का, हे तुम्हालाही सांगता येत नाही."

"नाही."

"मग तू इथे काय करतेस?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघायला लागली. मला गोड बोलता येत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "तुझ्या बोटाने कोणी मेलं नाही. तो झोपला, त्याने ब्रेक मारला नाही, तुझी अक्का मेली. तुझ्या अक्काने तुला काठी मारली, ती तुझ्यावर चिडून गेली, हेही खरं. दोन्ही खरं. त्याला जोडून गाठ मारू नको. कापणारे मोजायचे म्हणतेस ना? ते मढी मोजायचे. जिवंताच्या पाठीमागे कोण उभं होतं? घरी चल."

घरी येऊन मी गोठ्याच्या फाटकात उभा राहिलो. सोयरे अंगणात बसलेले. रेणूला म्हटलं, मोज. तिचं तोंड उघडेना. मग मीच मोजल्या. बोट दाखवून, मोठ्याने, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं. तुझी बहीण ओरडली, "भाऊ, काय करी राहिनात? तिन्हा दिन तरी जाऊ द्या!" मी थांबलो नाही. मधे एकदा चुकलो, करडं उड्या मारतात, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. आकडा इथे लिहीत नाही. तेवढा तुझा मान ठेवतो.

अन् दुसऱ्या दिवशी सकाळी एक करडू मेलेलं निघालं.

तू म्हणशील, बघ! म्हण. तुझी बहीण म्हणालीच. अंगणातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रेणूकडे. रेणू पांढरी पडली. मी करडू उचललं. बरगड्या आत गेलेल्या होत्या, त्या दिवशीच्याच. बिचारं एवढे दिवस आतल्या आत मरत होतं, अन् गर्दीत आमच्या लक्षात आलं नव्हतं. खोटं का बोलू, तुझा आवाज मला कानाशी ऐकू आला. पण मी ते करडू रेणूच्या हातात दिलं अन् सगळ्यांसमोर म्हटलं, "काल होतं तेवढ्यात आज एक कमी आहे. मला माहीत आहे एक कमी आहे. झिपरी कमी होती ते मला माहीत नव्हतं. या दोन्हीत फरक काय तो तुम्ही सांगा, मग मला बोला."

करडू पुरलं. बाकीच्या सगळ्यांच्या बरगड्या चाचपल्या, डॉक्टरला बोलावलं. दोघींना लागलेलं सापडलं, त्या वाचल्या.

आपलं भांडण मिटलं असं मी म्हणत नाही. आकडा हातात आला की भाला मागून येतो, हे तुझं म्हणणं मला खोडता येत नाही. कुबडवाल्या भरून आल्या हे कोणीतरी वाचेल अन् त्याच्या तोंडाला पाणी सुटेल. जवळ्यावर जाळी टाकणारा म्हणेल, एवढ्या झाल्यात ना, मग आम्हालाही घेऊ द्या. तू चौकात उभी राहून हे ओरडली असतीस अन् मी तुला हात धरून घरी आणलं असतं. आता घरी आणायला कोणी नाही. हात रिकामा आहे. शिव्या द्यायलाही समोर माणूस लागतं.

रेणू परवा गेली. धुळ्याच्या एसटीत बसवून दिली. ओठावर खूण राहणार आहे, तुझ्या काठीची. मी म्हटलं औषध लाव. म्हणाली, राहू दे. बस सुटायच्या आधी खिडकीतून वाकली.

"आबा, समजा मोजलं अन् कमी भरल्या तर?"

"तर ओरड," मी म्हटलं. "कोणी किती हात धरून ओढलं तरी ओरड."